पासिंग

कसबा बावड्याच्या रस्त्यावर, कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल, टाइपरायटर,
दगडाखाली दाबलेले कोरे कागद.
अर्जाला साठ रुपये. दुःख जास्त असलं तरी साठच.

जिनमती मगदूम आल्या, बसायच्या आधी मोबाइल पुढं केला.
"ह्यो फोटो बघा. मग पैसं सांगा."

फोटोत टेम्पो, पिवळी नंबरपट्टी,
ताडपत्रीतून फुगून आलेली चिरमुऱ्याची पोती,
घराएवढा ढीग
आणि वजन म्हणाल तर एका म्हशीइतकं नाही.
खाली लाल अक्षरं: योग्यता प्रमाणपत्र मुदतबाह्य.
दंड दोन हजार.

"पासिंग बारा तारखेला संपलं, खरं हाय.
अकराची तारीख मिळालती, तर त्यांचंच सर्व्हर बंद.
म्हणाले, चौदाला या.
चौदाला पहाटे पाचला गेलतो,
रांगेत गाडी लावलो, टोकन घेतलो, सत्तावीस नंबर.
आन् ह्यो फोटो आठ वाजून धा मिन्टांचा."

"कुठं काढलेला?"

"अवो, त्याच रांगेत."

बोटांनी फोटो ताणला.
पोत्यांच्या मागं निळ्या पाटीचा तुकडा:
शिक परिवहन कार्या
म्हणजे तपासणीच्या दारात
तपासणीला आलेल्या गाडीला
तपासणी नाही म्हणून पावती.
मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.

"गाडी हुबी हुती. चालत न्हवती. हे पयलं लिव्हा."
म्हटलं, रस्त्यावर उभी असली तरी कायदा
"मग रांग कुठं लावायची, हिरीत?"

त्या बोलतात कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं,
मी गेलतो, मी बसलो, मी बघितलो.
मी टाइप करतो: मी गेले होते.
तीस वर्षं हेच चाललंय,
बाईच्या तोंडचा काना पुसायचा, मात्रा ठेवायची.
घरी बायको म्हणते, मी जेवलो,
तिथं मी काही बोलत नाही.

चार महिने गेले. रिबन एकदा बदलली.
समोरच्या चहावाल्यानं कप लहान केले.

परत आल्या तेव्हा पिशवीत भडंगाचा पुडा, माझ्यासाठी.
"दंड रद्द.
सायबानं फोटो बघितला, पाटी वाचली,
स्वतःच्याच पाटीवर बोट ठिवून बराच वेळ हसला."

"मग बरं झालं की."

"कुठलं बरं. ह्या चार महिन्यात पीयूसी संपली.
सुनावणीला टेम्पोच घिऊन गेलतो. भाईर लावला हुता."

नवा फोटो.
या वेळी पोती नव्हती, हौदा रिकामा,
त्यामुळं पाटी अख्खी दिसत होती,
अगदी कार्यालयाच्या वेळेसकट.

मी कागद घातला.
मनाशी म्हटलं, यंदा बाई बोलते तसंच घेऊ, एकदा तरी.
टाइप केलं: मी स्वतः टेम्पो घेऊन गेलो होतो.
बरं वाटलं, उगाच.

त्या वाकून वाचत होत्या, ओठ हलवत,
त्या ओळीवर थांबल्या.

"ह्ये काय? गेलो?
बोलायचं निराळं. कागदावर बाईच लिव्हा.
गाडी माझ्या नावावर हाय.
उद्या आमचं मालक म्हनतील, मीच गेलतो."

काना खोडला.
मात्रा राहिली.

साठ रुपये मोजून दगडाखाली ठेवले,
पिशवी झटकली.
जाताना भिंतीला टेकलेल्या माझ्या लूनाकडं
त्यांनी एकदा बघितलं, मागून, पुढून,
मग माझ्याकडं.
काही बोलल्या नाहीत.

भडंगातला लसूण तेवढा करपलेला होता. चांगला लागला.